कॉर्फूचा वसंत : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात ग्रीसच्या कॉर्फू बेटावरच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. माझे यजमान ग्रीक मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. मुंबईत एकटीने वाट बघत बसण्यापेक्षा मी बेटाच्या पश्चिम बाजूला, लियापादेस गावात, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. त्या लेखावर बरीच पत्रं आली. कुणाला जायचंय, कुणी पूर्वी जाऊन आलंय, कुणाला नुसतंच जाणून घ्यायचंय. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : मुलांच्या परीक्षा संपल्या की ग्रीसला जायचं म्हणतोय. मेची अखेर किंवा जून. पण ग्रीसच्या फोटोंत सगळीकडे पांढरी घरं आणि उघडेबोडके खडकच दिसतात. कॉर्फू खरंच हिरवं आहे का? — नाशिक

खरंच हिरवं आहे. पण जूनपर्यंत थांबू नका.

तुम्ही पाहिलेले फोटो एजियन समुद्रातल्या बेटांचे, म्हणजे देशाच्या पूर्वेकडचे. कॉर्फू अगदी दुसऱ्या टोकाला, आयोनियन समुद्रात आहे. अल्बानियाचा किनारा इतका जवळ की ईशान्येच्या गावांतून रात्री पलीकडचे दिवे स्वच्छ दिसतात. ग्रीक लोक बेटाला केर्किरा म्हणतात. इथली घरं पांढरी नाहीत. पिवळसर, गेरूच्या, फिकट गुलाबी रंगाच्या भिंती आणि वर लाल कौलं, अशी व्हेनिसच्या वळणाची आहेत.

हिरवेपणाचं कारण पाऊस. पश्चिमेकडून समुद्रावरून ओले वारे येतात आणि या बेटाच्या व समोरच्या मुख्य भूमीच्या डोंगरांना अडतात. वर्षाला सुमारे 1100 मिलिमीटर पाऊस पडतो. अथेन्सच्या दुपटीहून कितीतरी जास्त, आणि आपल्या पुण्यापेक्षाही जास्त. फक्त तो पडतो ऑक्टोबर ते मार्च. जुलैत जेमतेम शिंतोडे. म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या अगदी उलट, आणि हे एक नीट लक्षात ठेवलं की सहलीची तारीख आपोआप ठरते. ऑक्टोबरच्या पहिल्या पावसाला बी रुजतं, हिवाळाभर पानं जमिनीलगत वाढत राहतात, आणि मे सरायच्या आत फुलून, बी धरून, सगळं आटपावं लागतं. पुढे चार महिने पाणी नाही. म्हणून तिथला वसंत इतका घाईचा आणि इतका भरगच्च असतो.

फेब्रुवारीत बदाम फुलतो आणि ऑलिव्हच्या झाडांखाली जांभळे, गुलाबी अॅनिमोन दिसायला लागतात. मार्चमध्ये ऊन-पाऊस. एप्रिल हा राजा महिना. दिवसा साधारण वीस अंश, रात्री शाल लागते. बांधांवर तांबड्या पॉपी आणि पिवळ्या शेवंतीसारख्या रानफुलांचा सडा असतो. मेमध्ये डोंगरउतारांवर ब्रूम नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप फुलतं, त्याचा वास वाऱ्यावर गावात येतो. आणि मेमधल्या रात्री ऑलिव्हच्या बागांत काजवे. लियापादेसहून खाली समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर मी टॉर्च न लावता चालायचे, वाट पाठ होती म्हणून, आणि टॉर्च लावला की काजवे दिसत नाहीत म्हणून.

जूनच्या मध्यावर गवत वाळतं. झाडं हिरवीच राहतात, कारण ऑलिव्ह आणि सायप्रस दोन्ही सदाहरित, पण जमीन पिवळी पडते. तुम्हाला मेच्या अखेरीआधी जमणारच नसेल तर उत्तरेच्या पांतोक्राटोर डोंगरावर मुक्काम करा. उंची 906 मीटर. वर वसंत उशिरा पोचतो आणि उशिरा जातो. डोंगराखालचं जुनं पेरिथिया हे गाव तर अवश्य बघा. समुद्री चाच्यांना दिसू नये म्हणून आडोशाला वसवलेलं, पुढे लोक किनाऱ्यावर उतरले आणि दगडी घरं तशीच मागे राहिली. त्यांच्या अंगणांत मेअखेरीलाही फुलं असतात.

प्रश्न : आमच्या आंबा-काजूच्या बागा आहेत. तिथे ऑलिव्हची झाडं छाटत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. मग फळ काढतात कसं? आणि एवढी झाडं लावली कुणी? — रत्नागिरी

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. बहुतेक प्रवासी या झाडांकडे मोटारीच्या काचेतूनच बघतात.

लावून घेतली व्हेनिसने. 1386 ते 1797, चारशे वर्षांहून जास्त, बेट व्हेनिसकडे होतं. शहरातले दिवे पेटायला आणि साबणाला तेल लागायचं. पूर्वेकडचे तेल देणारे मुलूख तुर्कांच्या हाती जायला लागले तशी व्हेनिसने कॉर्फूत लागवडीला बक्षिसं लावली. दर शंभर झाडांमागे दहा सोन्याची नाणी, असं तिथे सगळे सांगतात. त्या लोभाने डोंगरउतार भरले. आज बेटावर कित्येक लाख झाडं आहेत, आणि त्यातली पुष्कळ त्या काळातली. म्हणजे परदेशी माणसाला जे रान वाटतं ते रान नाही. ती लागवड आहे, कुणाच्या तरी पणजोबाच्या खापरपणजोबाने खड्डा खणून केलेली. कॉर्फूबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती.

ग्रीसमध्ये इतरत्र ऑलिव्ह छाटून बुटका ठेवतात, हात पोचेल एवढा. कॉर्फूत तो वाढू दिला. 15 मीटर, काही झाडं त्याहूनही उंच. जात लियानोलिया, फळ बारीक पण तेलाला चांगलं. एवढ्या उंचीवर चढून बारीक फळ तोडणं परवडत नाही, म्हणून फळ पिकून आपोआप गळू देतात. खाली जमिनीवर काळी जाळी अंथरलेली असते. नोव्हेंबरपासून पार वसंतापर्यंत जसं गळेल तसं गोळा करायचं. जाळ्या आल्या त्याच्या आधी बायका ओणव्या होऊन एकेक फळ वेचत. माझ्या घरमालकीणबाईंची पाठ त्यातच वाकली होती. त्या सांगायच्या, लहानपणी डिसेंबरात बोटं इतकी गारठायची की फळ हातात आलंय की खडा, ते कळायचं नाही.

गळून पडलेल्या फळाच्या तेलात आम्लता वाढते. दिव्याला चाले, साबणाला चाले, खायला मात्र उग्र. अलीकडे काही शेतकरी ऑक्टोबरातच कच्चं फळ यंत्राने झोडून काढतात आणि लगेच गिरणीत नेतात. ते तेल हिरवं, तिखट, घशाला किंचित खवखवणारं असतं. तुम्हाला ते मिळालं तर आधी नुसत्या पावाबरोबर खाऊन बघा.

आंब्यासारखंच एक वर्ष भरपूर, दुसरं वर्ष जेमतेम, हे त्यांच्याकडेही आहे. आणि मोहोरही बराचसा आपल्या आंब्यासारखाच तुऱ्यांचा असतो, मे महिन्यात, पांढरट. वारा आला की बारीक फुलं डोक्यावर पडतात. ज्यांना परागकणांचा त्रास होतो त्यांनी तेवढे दिवस सांभाळावं.

एकदा खोड जवळून बघा. वय झालेला ऑलिव्ह आतून पोकळ होत जातो, बाहेरची साल पिळवटत, फुटत, पुन्हा जुळत वाढते. शेवटी खोडाला आरपार भोकं पडतात. आमच्या घरामागच्या झाडात असं एक भोक होतं, त्यातून पलीकडची खाडी दिसायची. त्याच भोकात बाई आपला विळा ठेवायच्या, आणि त्या झाडाने त्या वर्षीही भरपूर फळ दिलं होतं.

प्रश्न : आम्ही दोघंही हौशी वनस्पती-निरीक्षक. सह्याद्रीतली ऑर्किड्स बघत हिंडतो. कॉर्फूत वसंतात काय बघावं आणि कुठे? — पुणे

सुरुवात शहरातल्या ब्रिटिश दफनभूमीपासून करा. ऐकायला विचित्र वाटेल. 1815 ते 1864 बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं, त्या काळच्या सैनिकांच्या, खलाशांच्या आणि त्यांच्या तान्ह्या मुलांच्या कबरी तिथे आहेत. जमिनीवर नांगर फिरलेला नाही, औषध फवारलेलं नाही, म्हणून ऑर्किड टिकली. मी जायचे तेव्हा तिथे ऑर्किडचे तुकडे सोडून बाकीचं गवत कापलं जायचं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत जा. पाय कुठे ठेवता ते बघत चाला.

तुम्ही सह्याद्रीत बहुतेक झाडांवरची ऑर्किड्स बघता. इथली सगळी जमिनीवरची. ऑफ्रिस प्रजातीतली फुलं तर गुडघे टेकूनच बघायला हवीत. झाड जेमतेम वीतभर. खालची पाकळी तपकिरी, फुगीर, मखमली, कडेला बारीक केस, मधोमध निळसर चकाकणारा डाग. फुलात मध नाही. पाकळीचा आकार आणि त्याहून जास्त तिचा वास मादी मधमाशीसारखा असतो. रानमाश्यांतले नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात, ते या फुलावर बसून समागमाचा प्रयत्न करतात, आणि उडताना डोक्याला दोन पिवळे परागपुंज चिकटवून घेऊन जातात. मी हे एकदाच प्रत्यक्ष पाहिलं. एका थडग्याच्या कडेला, उन्हात, माशी क्षणभरच बसली, पण ती उडाली तेव्हा डोक्यावरचे ते दोन पिवळे ठिपके स्पष्ट दिसले. फूल किंवा कंद उपटून आणू नका. या ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि मातीतल्या ठरावीक बुरशीशिवाय ते रुजत नाही. घरच्या कुंडीत ते मरणारच.

मग जुडास ट्री. आपल्या कांचनाच्या आणि आपट्याच्या जवळच्या नात्यातलं झाड. मार्चअखेर-एप्रिलमध्ये पानं फुटायच्या आधी फुलतं, आणि फुलं नुसत्या फांद्यांवर नाही, जाड्या खोडाच्या सालीतूनही बाहेर येतात. गडद गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारी. मुलं ती तोंडात टाकतात, चव आंबटसर असते. पानं नंतर येतात, हृदयाच्या आकाराची. आपट्याचं पान जिथे दुभंगतं तिथे याचं दुभंगत नाही. तुम्ही दोघं बघाल तेव्हा नातं लगेच ओळखाल.

दक्षिणेला कोरिशन नावाचं समुद्रालगतचं सरोवर आहे, वाळूच्या टेकड्यांनी समुद्रापासून तुटलेलं. तिथे वेगळी झाडं आणि स्थलांतर करणारे पक्षी. आणि कुठेही चालत असाल तरी एप्रिलच्या सकाळी वाळक्या पाल्यात खसखस ऐकू आली तर थांबा. हिवाळा जमिनीत काढून बाहेर आलेलं कासव असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. तिथे पंधरा दिवस निभावेल का? — डोंबिवली

निभावेल, आणि वसंतात तर उत्तम निभावेल. ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास असतात. त्या काळात मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य. खानावळीत ‘निस्तीसिमो’ एवढंच विचारा, उपासाचं काय ते पुढे येईल. मात्र एक सावधगिरी बाळगा. उपासाला कालवं, कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात, कारण रक्त नसलेले जीव त्यांच्या नियमात बसत नाहीत. म्हणून निस्तीसिमो म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका, प्रत्येक पदार्थाचं विचारून घ्या.

सगळ्यात आधी त्सिगारेली खा. हा कॉर्फूचाच पदार्थ. रानातल्या पालेभाज्या, कांद्याची पात, लसूण, थोडा टोमॅटो आणि भरपूर लाल तिखट, सगळं ऑलिव्हच्या तेलात परतलेलं. ग्रीसमध्ये तिखट फारसं खात नाहीत, कॉर्फू त्याला अपवाद. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात सुरी आणि पिशवी घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेला वाकलेल्या दिसतात. त्या ही भाजीच खुडत असतात. पाथरीच्या जातीची पानं, रानबडीशेप, घोळीसारखं काही, पंचवीस प्रकार तरी. मी घरमालकीणबाईंच्या मागे फिरून त्यातले थोडे ओळखायला शिकले. कडू पान आधी उकडून पाणी टाकायचं, कोवळं तसंच परतायचं, हा त्यांचा नियम. ज्वारीची भाकरी तेवढी हवी होती.

याशिवाय पालक भरून भाजलेला ‘पाय’ (इंग्रजीतला pie), बटाटा-वांगं-दोडक्याच्या जातीच्या भाज्यांचं ब्रियाम, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, पिवळ्या डाळीची फावा. भूक राहणार नाही. त्या पालकाच्या पदार्थात चीज-अंडं आहे का तेवढं विचारा. आणि कुमक्वाट चाखा, आवळ्याएवढं नारिंगी फळ, सालीसकट खायचं. ते ब्रिटिशांच्या हातून आलं आणि बेटावर रुजलं. उत्तरेच्या निम्फेस गावाच्या आसपास बागा आहेत. पाकातलं छान लागतं. त्याचं मद्यही करतात, भडक नारिंगी. मला ते फार गोड वाटलं.

प्रश्न : ईस्टरला तिथे खिडक्यांतून मडकी फेकतात असं ऐकलं. हे कधी असतं, मुलांना घेऊन जाणं सुरक्षित आहे का? — कोल्हापूर

पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला. शहराच्या जुन्या भागात खिडक्यांना, सज्जांना लाल कापडं बांधलेली असतात, आणि घंटा वाजल्या की वरून पाणी भरलेली मातीची मडकी रस्त्यावर फेकतात. काही मडकी माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढी मोठी, दोघांनी धरून कठड्यावर ठेवलेली. आवाज भिंतींत घुमतो. मग लोक खापराचा एखादा तुकडा शुभ म्हणून घरी नेतात. मुलांना न्या, पण पोलिसांनी आखलेल्या दोरीच्या बाहेर आणि लहानांच्या कानावर हात ठेवून. दोन तास आधी जाऊन जागा धरावी लागते.

मला मात्र मडक्यांपेक्षा त्याच्या आधीची रात्र जास्त मोलाची वाटते. गुड फ्रायडेला दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक चर्चमधून फुलांनी मढवलेली ख्रिस्ताची शवपेटी बाहेर निघते. प्रत्येकीपुढे वाद्यवृंद. कॉर्फूत गावोगावी असे वाद्यवृंद आहेत. शहरातला सर्वांत जुना 1840 साली स्थापन झाला, आणि ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल लावणारे निकोलाओस मांत्झारोस त्याच्याशी निगडित होते. मुलांना तिथे वाद्य फुकट शिकवतात. त्यामुळे मिरवणुकीत डोक्यावर पितळी शिरस्त्राण घालून बारा वर्षांचा मुलगा शोकधून वाजवत असतो आणि फुटपाथवर त्याची आजी मेणबत्ती धरून उभी असते. शोकाचं संगीत इतक्या सुरेल शिस्तीने, भर रस्त्यात, मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

बेटाचे पालक संत स्पिरिडॉन. त्यांचा देह चांदीच्या पेटीत आहे आणि वर्षातून चार वेळा मिरवणुकीने निघतो. वसंतात दोनदा, पाम संडेला (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आणि पवित्र शनिवारी सकाळी, मडक्यांच्या आधी. पहिली 1629 च्या प्लेगातून सुटका झाली म्हणून, दुसरी दुष्काळ टळला म्हणून. रस्त्यात ‘स्पिरो’ अशी हाक मारलीत तर दहा माथी वळतील.

तारीख काळजीपूर्वक बघा. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरातल्या ईस्टरला असेलच असं नाही. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे, तर पाश्चात्त्य ईस्टर 28 मार्चला. 2028 मध्ये दोन्ही 16 एप्रिलला. त्या आठवड्यात अथेन्समधून अर्धा गाव लोटतो, खोल्या कित्येक महिने आधी घ्याव्या लागतात. गर्दी सोसत नसेल तर आधीच्या पाम संडेला जा. मिरवणूक बघायला मिळते आणि चालायलाही जागा असते.

प्रश्न : कॉर्फूत क्रिकेट खेळतात हे खरं का? — इंदूर

खरं. ब्रिटिश सैनिक आणि नौदल यांच्यात 1823 मध्ये तिथे पहिला सामना झाल्याचं मानतात. ब्रिटिश 1864 मध्ये गेले, खेळ राहिला, आणि ग्रीसची क्रिकेट संघटना आजही कॉर्फूतच आहे. जुन्या शहराला लागून स्पियानादा नावाचं प्रचंड मैदान आहे. एका बाजूला लिस्टन, म्हणजे फ्रेंचांनी बांधलेली कमानींची ओळ आणि तिच्याखाली कॉफीची टेबलं. पूर्वी मॅटिंगवर सामने चालत आणि षटकार टेबलांच्या दिशेने यायचा. हल्ली मोठे सामने गौविया बंदराजवळ होतात. माझे यजमान रजेवर आले की लिस्टनच्या टेबलांपाशीच बसत, त्सित्सिबिरा पीत. तीही ब्रिटिशांची देणगी, आल्याचं फसफसतं लिंबाळ पेय. उन्हाळ्याच्या तोंडावर नक्की मागा.

प्रश्न : आईचं वय 75, गुडघे दुखतात. तिला काय काय दाखवता येईल? — सातारा

शहरात स्पियानादा आणि लिस्टन सपाट आहेत, बाक आहेत, झाडांची सावली आहे. त्यामागच्या गल्ल्यांतले दगड झिजून गुळगुळीत झालेत. पावसानंतर आईंना तिथे नेऊ नका. काम्पिएलो या सर्वांत जुन्या भागात पायऱ्याच पायऱ्या, तो त्यांच्यासाठी सोडून द्या. कानोनीला टॅक्सीने जाऊन वरच्या कॅफेत बसवा. खाली व्लाहेर्नाचा पांढरा मठ आणि त्यापलीकडे सायप्रसने भरलेलं चिमुकलं पोंतिकोनिसी बेट, एका खुर्चीतून सगळं दिसतं. पालेओकास्त्रित्साच्या मठापर्यंत गाडी जाते. अंगण फुलांचं असतं. आखिलिऑन हा ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथचा महाल प्रसिद्ध आहे, पण चढ-उतार बराच. गुडघ्यांपेक्षा मोलाचा तो नाही.

प्रश्न : ऐंशीच्या दशकात आमचं जहाज कॉर्फूला लागलं होतं. एप्रिलची संध्याकाळ होती. शहरात शिरलो तर सगळीकडे एक गोड वास. मोगरा नव्हे, गुलाब नव्हे. इतक्या वर्षांत तो पुन्हा आला नाही. कशाचा असेल? — मस्कत

एप्रिल आणि संध्याकाळ म्हणता, तर माझं उत्तर नेरांत्झिया. कडू संत्र्याचं झाड. रस्त्यांच्या कडेला आणि चर्चच्या आवारात लावलेलं असतं. फूल पांढरं, पाच जाड मेणचट पाकळ्यांचं, आणि वास ऊन उतरल्यावर दाटतो. फळ कडू, पण साल पाकात घालून पाहुण्यापुढे चमचाभर ठेवतात.

दुसरी शक्यता विस्टेरिया. त्या वासासोबत भिंतीवरून लोंबणारे जांभळे घोस आठवतात का बघा. ते आठवत असतील तर माझं पहिलं उत्तर चूक. नसतील तर घरच्या लिंबाला फुलं येतील तेव्हा रात्री एक फूल चुरगळून हुंगा. अगदी तोच नाही, पण नात्यातला आहे. तुमच्या आठवणीशी जुळला तर जरूर कळवा, मला मनापासून जाणून घ्यायचंय.

प्रश्न : व्हिसा आणि जाण्याचा मार्ग थोडक्यात सांगाल का? — ठाणे

शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशीर करू नका. अथेन्सहून विमान तासाभराचं. वेळ असेल तर बसने इगुमेनित्सा आणि तिथून बोटीने दीड-दोन तास. मी बोटच सुचवीन. डोंगर हळूहळू जवळ येतो, आणि शहर समुद्राकडून बघायलाच बांधलेलं आहे. बेटावर निळ्या बस शहरापुरत्या, हिरव्या लांबच्या गावांना.

प्रश्न : तुमच्या लेखातलं कॉर्फू आता उरलंय का? आमचे मित्र ऑगस्टमध्ये गेले होते, म्हणाले नुसती गर्दी. — छत्रपती संभाजीनगर

ऑगस्टमध्ये गर्दीच असते. मोठी क्रूझ जहाजं एकाच सकाळी हजारो माणसं उतरवतात, आणि दक्षिणेच्या काव्होससारख्या जागा तर रात्रीच्या नाचगाण्यासाठीच ओळखल्या जातात. तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत.

मला काळजी गर्दीची नाही, बागांची आहे. तरुण मुलं हॉटेलांत कामाला जातात, तेलाला भाव नसतो, जाळी अंथरायला माणूस मिळत नाही. मग झाडाखाली काटेरी झुडपं माजतात, उन्हाळ्यात तिथेच वणवा लागतो. आर्थिक संकटाच्या वर्षांत जळणासाठी जुने ऑलिव्ह कापले गेले. ज्या झाडाने दोनशे-तीनशे हिवाळे काढले ते एका दुपारीत पडतं. मी ते आवाज ऐकलेत आणि मला ते सहन झाले नाहीत.

पण वसंतातल्या गावांत अजून पुष्कळ उरलंय. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते, किनाऱ्यावरचं हॉटेल घेऊ नका, आतल्या गावात खोली घ्या. लियापादेस, दौकादेस, लाकोनेस, कुठलंही. कॉर्फू ट्रेल ही लांबलचक पायवाट बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत जाते. सगळी चालायची गरज नाही, एका गावातून पुढच्या गावापर्यंत सकाळचा तुकडा चाला. 1 मेच्या सकाळी दारादारांवर रानफुलांच्या माळा टांगलेल्या दिसतील, त्या दिवशी तर नक्की चाला. आणि तेल दुकानातून शोभेच्या बाटलीत घेऊ नका. गावात ज्याची बाग आहे त्याला विचारा, तो पाच लिटरचा पत्र्याचा डबा भरून देईल. झाकण चिकटपट्टीने बंद करून, दोन जाड पिशव्यांत घालून, सामानाच्या बॅगेत मधोमध कपड्यांत ठेवा. पैसे सरळ झाडाच्या मालकाला मिळतात, आणि पुढच्या ऑक्टोबरात तो जाळी अंथरायला निघतो.